परक्या ओळखीचं बटण

माझ्या आत्याला तिच्या ऑफिसात सगळे 'आत्याबाई' म्हणायचे, आणि ते तिनंच ओढवून घेतलं होतं. ती कामावर नवी असताना कुणीतरी खोचकपणे विचारलं, "या वयात प्रोग्रॅमिंग कसं काय शिकलात?" ती म्हणाली, "त्यात काय शिकायचंय? आत्याबाईला मिशा असत्या तर काय म्हणायचं, हे आधीच लिहून ठेवायचं. प्रोग्रॅम म्हणजे दुसरं काही नसतं." तेव्हापासून ते नाव तिला कायमचं चिकटलं.

आमच्या घरात तिची ख्याती वेगळी होती. माझे बाबा, म्हणजे तिचे थोरले भाऊ, म्हणायचे, "हिला होकार द्यायला लावायचा असेल, तर आधी नकार द्यायला सांगा." तिनं लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं, की ती उलट विचारायची, "तुम्ही का केलंत?" त्याचं उत्तर देता देता समोरच्याला घाम फुटायचा.

प्रोग्रॅमर व्हायच्या आधी ती बरीच वर्षं एका मोठ्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर होती. तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, ती बाहेरून आलेले फोन पाहुण्यांच्या खोल्यांत जोडून द्यायची. तिथला एक नियम तिनं कधी मोडला नाही. कोण कुठल्या खोलीत उतरलंय, हे फोन करणाऱ्याला सांगायचं नाही. आधी खोलीत विचारायचं, "अमुक बोलतायत, जोडू का?" आतून नको म्हणाले, तर पलीकडचा कितीही मोठा असो, जोडायचं नाही. एकदा एक गृहस्थ इतके चिडले की थेट हॉटेलात येऊन मॅनेजरसमोर उभे राहिले. "माझी बायको वर आहे आणि ही बाई मला खोली सांगत नाही!" मॅनेजरनं आत्याला बोलावून घेतलं. आत्या म्हणाली, "बायको यांची असेल, पण खोली तिची आहे." आणि परत तळघरात निघून गेली.

पुढे हॉटेलानं आपोआप फोन जोडणारं यंत्र आणलं. ऑपरेटर बायकांना निरोप द्यायला छोटा समारंभ झाला, प्रत्येकीला पुष्पगुच्छ मिळाला. आत्यानं तो टेबलावर ठेवला आणि विचारलं, "मला घालवणाऱ्या या यंत्राला शिकवलं कुणी?" लोक हसले. तिनं ते मनावर घेतलं. पोरासोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून, चष्म्याचा नंबर दोनदा वाढवून घेऊन, ती प्रोग्रॅमिंग शिकली आणि शेवटी एका लहानशा कंपनीत लागली.

कंपनी कसली, टायरच्या दुकानावरची दोन खोल्यांची जागा. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वर टेबलावरचे चमचे थरथरायचे. मालक आत्याहून बराच लहान, स्वतः प्रोग्रॅमर, स्वभावानं चांगला पण कायम घाईत असलेला. तो एकटा तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला अरे-तुरे करायची. त्यांनी एक अ‍ॅप बनवलं होतं. घरोघरी जाऊन आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या सेविकांना आज कुणाकडे जायचं, पत्ता काय, पाळी किती वाजता, हे सगळं त्या अ‍ॅपवर दिसायचं.

अडचण एकच होती, आणि ती रोजची होती. सेविका पासवर्ड विसरायच्या. कुणी रोग्याला आंघोळ घालून बाहेर येते, ओल्या हातानं फोन उघडते, तर अ‍ॅप म्हणतं, पासवर्ड चुकला. मग ऑफिसात फोन. आत्याचा अर्धा दिवस लोकांना पासवर्ड बदलून देण्यात जायचा. ती म्हणायची, "हॉटेल सोडलं पण ऑपरेटरकी काही सुटली नाही."

म्हणून एका मोठ्या कंपनीच्या खात्यावरून आत येण्याचं बटण अ‍ॅपमध्ये घालायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आत्यालाच झाला. असं बटण आपण सगळ्यांनी पाहिलंय. नवा पासवर्ड नको, काही नको. फोनमध्ये त्या मोठ्या कंपनीचं खातं आधीच असतं. बटण दाबलं की आपलं अ‍ॅप त्या कंपनीला विचारतं, ही बाई तुमच्या ओळखीची आहे का? कंपनी हो म्हणते आणि दार उघडतं. एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या शब्दावर पाहुण्याला घरात घ्यावं, तसं. त्यातच एका मोठ्या रुग्णालयानं आपल्या सगळ्या सेविकांसाठी हे अ‍ॅप घ्यायची तयारी दाखवली. त्यांची अट अशी की आत यायचं दार एकच हवं, हे बटणाचं. पासवर्डचा जुना रस्ता बंद.

आत्यानं काम मन लावून केलं. एरवी कुणाचं कौतुक न करणारा मालकसुद्धा म्हणाला, "ताई, लोण्यासारखं चालतंय." मग मोजक्या सेविकांना ते वापरायला दिलं. त्यांचे पासवर्डचे फोन एकदम थांबले. आत्याला दुपारचा चहा पहिल्यांदाच गरम प्यायला मिळाला.

त्या सेविकांत रुग्णालयाकडून घरोघरी जाणारी एक होती, तिला सगळ्या चिमणी म्हणायच्या. दारातून आत येताना जिला मान वाकवावी लागते आणि जी एकटी एका पुरुष रोग्याला पलंगावरून खुर्चीत ठेवते, तिला चिमणी कुणी का म्हणावं, ते म्हणणाऱ्यांनाच ठाऊक. एके सकाळी ती ऑफिसचा जिना चढून वर आली. धाप लागलेली नव्हती, पण नाकपुड्या फुललेल्या होत्या.

"माझा पत्ता कुणी दिला?" तिनं दारातूनच विचारलं.

"बसा ना," मालक म्हणाला.

"बसायला नाही आले. माझा नवरा काल मी काम करते त्या घराच्या फाटकाशी उभा होता. दोन वर्षांपूर्वी त्याचं घर सोडलं मी. कुठं राहते, कुठं काम करते, माझ्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. हे फक्त तुमच्या अ‍ॅपला माहीत होतं. कुणी दिला पत्ता?"

नवऱ्यानं फाटक हलवून आरडाओरडा केला होता. चिमणीनं बाहेर येऊन त्याला सरळ सांगितलं होतं, "निघ. नाहीतर तुला उचलून रस्त्याच्या पलीकडे ठेवीन." तो तिचे हात ओळखून होता, निघून गेला. पण त्या घरच्या लोकांना तमाशा नको होता. त्यांनी संध्याकाळीच तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आत्यानं तिचा फोन मागून घेतला आणि खिडकीशी जाऊन बराच वेळ पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिचा चेहराच उतरला. फोन चिमणीनं स्वतःच्या कमाईतून घेतलेला होता, पण त्यातलं खातं नवऱ्यानं, संसार होता तेव्हा, स्वतःच्या नावानं उघडलं होतं. चिमणीला खातं म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. फोन लागतोय, बस. तिनं नवं बटण दाबलं, तेव्हा त्या मोठ्या कंपनीनं आपल्या शिस्तीप्रमाणे खात्याच्या मालकाला कळवलं, की तुमचं खातं अमुक अ‍ॅपमध्ये वापरलं गेलंय. नवऱ्यानं तेच अ‍ॅप आपल्या फोनवर घेतलं, तेच बटण दाबलं, आणि अ‍ॅपनं त्याला चिमणी समजून आत घेतलं. आजचं घर, पत्ता, पाळीची वेळ, सगळं समोर.

"कुणी दिला?" चिमणीनं पुन्हा विचारलं.

आत्यानं फोन तिच्या हातात ठेवला. "मी. मी लिहिलेल्या बटणानं दिला. तुम्हाला न विचारता."

मालक घाईनं म्हणाला, "ताई, असं नाही म्हणता येणार. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली.

चिमणी खुर्ची ओढून बसली. नंतर ती मला म्हणाली, की तुझी आत्या खोटं बोलली असती, किंवा नुसतं सॉरी म्हणाली असती, तर मी तिथलं टेबल उलटं करणार होते. पण ती "मी" म्हणाली, तेव्हा काय करावं ते सुचेना. म्हणून बसले.

आत्यानं त्याच दिवशी चिमणीचं खातं अ‍ॅपवरून तोडलं, सगळ्या सेविकांसाठी ते बटण बंद केलं, आणि मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"हे असं बाहेर जाणार नाही."

"ताई, एका बाईच्या बाबतीत झालं. वाईट झालं, मान्य. पण त्यासाठी सगळं थांबवायचं?"

"एकीचं आपल्याला कळलं म्हण. बाकीच्यांचं कळलेलं नाही, एवढंच. मला तीन गोष्टी हव्यात. फोन नंबरावर कोड येतो तो रस्ता हवा, आणि तो पहिला हवा. बटण राहू दे, पण ते दाबल्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचं, की हे खातं अमक्याचं आहे, ते तुम्हीच का? आणि नव्या फोनवरून कुणी आत आलं, तर सेविकेच्या नंबरावर विचारल्याशिवाय पत्ता दिसायचा नाही. हॉटेलात मी साधा फोन देतानाही विचारत होते, जोडू का म्हणून. इथं पत्ता देताना विचारायला नको?"

"रुग्णालयाला एकच दार हवंय. तारीख ठरलीय. जग या बटणावर चाललंय, ताई."

"जग चालू दे. मी थांबलेय."

"मग मी करतो," मालक म्हणाला. त्याचाही आवाज चढला होता. "प्रोग्रॅमिंग मलाही येतं."

"येतं ना. बस की." तिनं आपल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेवला. "तुझं काम अडवायला मी कुलूप लावून बसणार नाही. पण माझा हात त्याला लागणार नाही. आणि हे चुकीचं आहे, असं मी विचारेल त्याला सांगणार. न विचारेल त्यालाही."

मालकानं तिला काही दिवस घरी बसायला सांगितलं. तिनं डबा उचलला आणि निघाली.

घरी बाबांनी डोक्याला हात लावला. "अगं, नोकरी करतेस की लढाई? तुझं काय जातं? मालकाचं अ‍ॅप, रुग्णालयाची अट, त्या बाईचा नवरा. तू मध्ये कुठं आलीस?"

"बरोबर मध्येच आहे मी," आत्या म्हणाली. "दार मी केलं, दादा. सुताराला विचारत नाहीत का, कडी आतून आहे की बाहेरून?"

बाबा म्हणाले, "पन्नाशीला पोचलीस, तरी सरळ चालायला शिकली नाहीस."

"सरळच चालतेय. रस्ता वाकडा आहे."

घरी बसणं तिला मानवणारं नव्हतंच. रुग्णालयाच्या मागच्या बाजूला, धुण्याच्या खोलीजवळ, पाळी बदलताना सेविका बसायच्या तिथं ती चिमणीबरोबर जायला लागली. पायरीवर बसून ती एकेकीचा फोन हातात घ्यायची आणि त्यांनाच दाखवायची. इथं दाबा. आता इथं. हे बघा, हे खातं कुणाच्या नावाचं आहे?

पहिल्या दिवशी बायका हसत होत्या. दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. कुणाच्या फोनमध्ये नवऱ्याचं खातं निघालं, कुणाच्या फोनमध्ये मुलाचं, एकीच्या फोनमध्ये आधीच्या मालकिणीचं. आणि बऱ्याच जणींच्या फोनमध्ये एकाच अनोळखी माणसाचं नाव निघालं. हा कोण बाबा, म्हणून डोकं खाजवलं, तर तो कोपऱ्यावरचा मोबाईलवाला. फोन विकताना कोण प्रत्येकीचं नवं खातं उघडत बसणार? गडी सगळीकडे स्वतःचंच खातं टाकून मोकळा. वाईट हेतूनं नव्हे. कंटाळा आला म्हणून.

"म्हणजे त्यानं मनात आणलं तर आम्ही सगळ्या कुठं आहोत ते त्याला दिसेल?" एकीनं विचारलं.

"त्या बटणानं आत गेलात, तर दिसेल."

मग चिमणी म्हणाली, "मग जायचंच कशाला त्या बटणानं?"

रुग्णालयानं नवं अ‍ॅप सुरू करण्यासाठी सभा ठेवली होती. सगळ्या सेविकांनी सभागृहात यायचं, आपापला फोन काढायचा, बटण दाबायचं, की झालं. आत्याला अर्थातच बोलावणं नव्हतं. मी तिला स्कूटरवरून सोडायला गेले आणि उत्सुकतेपोटी मागच्या दाराशी उभी राहिले. मालक मंचावर होता. आत्याला पाहून त्याचा रंगच उडाला. त्याच्या शेजारी रुग्णालयाच्या मुख्य परिचारिका होत्या. इस्त्री केलेल्या आवाजाच्या बाई. बोलल्या की समोरच्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"फोन काढा," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी काढले. "पडद्यावर बटण दिसतंय ना? दाबा."

कुणी दाबलं नाही.

"दिसत नाहीये का?"

"दिसतंय," पाचसहा आवाज आले.

"मग?"

मालकानं माईक घेतला आणि हसत हसत समजावू लागला, की घाबरण्यासारखं काही नाही, फार सोपं आहे. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एक म्हातारी सेविका उठली. रुग्णालयातली सगळ्यात जुनी. नव्या डॉक्टरांनाही एकेरीत बोलणारी. तिनं फोन उंच धरला.

"बाई, सोपं आहे, पण हे बटण दाबलं की मी माझा जावई होते."

"काय?"

"फोन जावयानं दिलाय, खातं त्याचं आहे. मी आत गेले की अ‍ॅप मला जावई समजतं. मग रोग्याला कुशीवर वळवायलाही त्यालाच बोलवा. त्याला स्वतःला अंथरुणावरून उठवायला माझी लेक लागते."

सभागृहात हशा पिकला. त्या हशात मागून कुणीतरी ओरडली, "मी मोबाईलवाला होते!" दुसरी ओरडली, "मीपण!" तिसरी म्हणाली, "मग माझी रात्रपाळी तू कर, आपण दोघी एकच!" मुख्य परिचारिकांनी टेबलावर थाप मारली तरी हसू थांबेना.

मग चिमणी उभी राहिली, आणि हसू आपोआप थांबलं. ती फार बोलली नाही. "मी हे बटण दाबलं होतं," ती म्हणाली. "माझा नवरा माझ्या कामाच्या फाटकाशी आला. माझं काम गेलं. हे हसण्यावारी नेऊ नका. मी दाबणार नाही." एवढं बोलून तिनं फोन खिशात टाकला. तिच्या शेजारणीनंही टाकला. मग रांगेनं, एकीमागून एक, फोन आत गेले.

मुख्य परिचारिकांनी मालकाकडे मान वळवली. "हे खरं आहे?"

मालक खोटारडा नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानं आत्याकडे बघितलं, माईक खाली घेतला आणि म्हणाला, "खरं आहे. आमच्या ताईंनी मला आधीच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"कुठल्या ताई?"

आत्या मधल्या वाटेनं पुढे गेली. तिला घाम आला होता, पण आवाज ऑपरेटरचा होता. कानात नीट उतरणारा, घाई नसलेला. काय झालं, काय बदलायला हवं, सगळं तिनं सांगितलं. "बटण वाईट नाही," ती म्हणाली. "ज्यांचं खातं स्वतःचं आहे, त्यांनी खुशाल दाबावं. पण बाईला आत घेताना दुसऱ्या कुणाच्या शब्दावर घेऊ नका. तिलाच विचारा."

मुख्य परिचारिका तिच्याकडे वळल्या. "तुम्ही माझ्या सभेत बोलावल्याशिवाय आलात," त्या म्हणाल्या. "पुन्हा येऊ नका."

"पुढच्या वेळी बोलवा, म्हणजे तो प्रश्न येणार नाही."

मी दाराशी डोळे मिटून घेतले. पण बाईंच्या ओठाची एक कड जराशी हलली.

सगळं गोड झालं असं नाही. तारीख पुढे गेली, तसं रुग्णालयानं अर्धंच काम या कंपनीकडे ठेवलं आणि अर्धं दुसऱ्या कुणाला दिलं. मालकानं आत्याला परत बोलावलं, पण पुढचे कितीतरी दिवस दोघं कामापुरतंच बोलत होते. तो तिच्यावर चिडला होता की स्वतःवर, हे त्यालाही सांगता आलं नसतं. एकदा तो म्हणाला, "ताई, तुम्ही मला सभेत उघडं पाडलंत." आत्या म्हणाली, "तू स्वतःच खरं बोललास. मी त्याबद्दल तुला मानते. पण माफी मागणार नाही." त्यावर त्यानं सुस्कारा टाकून दोन चहा सांगितले, आणि तिथपासून गाडी हळूहळू रुळावर आली.

अ‍ॅप बदललं. आधी फोन नंबर, खाली बटण. बटण दाबलं की पडदा विचारतो, हे खातं अमक्याचं आहे, ते तुम्हीच का? 'नाही' हे उत्तर 'हो' इतकंच मोठं असावं, यावरून आत्या आणि मालक पुन्हा एकदा भांडले. शेवटी 'नाही' तेवढंच मोठं राहिलं. मोबाईलवाल्यावर मात्र सेविकांनी मोर्चाच नेला, आणि त्याला एकेक फोन पुन्हा नीट करून द्यावा लागला. चिमणीला रुग्णालयातच एका वॉर्डात काम मिळालं. नवरा तिथंही एकदा येऊन गेला. पहारेकऱ्यानं तिला आत निरोप पाठवला, भेटायचंय का? ती म्हणाली, नाही. तो परत गेला.

त्यानंतर एका दुपारी ती आमच्या घरी आली. तिला स्वतःचं खातं उघडायचं होतं, पहिल्यापासून, स्वतःच्या हातानं. आत्या शेजारी बसली, पण फोनला तिनं बोट लावलं नाही. चिमणी एकेक रकाना वाचायची, जाड बोटानं एकेक अक्षर टिपायची. नाव. जन्मतारीख. पासवर्ड लिहिताना तिनं आम्हाला तोंड फिरवायला लावलं.

"आता हे काय विचारतंय?" ती म्हणाली. "तुमच्या विश्वासातल्या माणसाचा नंबर द्या."

"खातं अडकलं, तर त्या माणसाकडून सोडवता यावं म्हणून," आत्या म्हणाली.

चिमणीनं फोनकडे बघितलं, मग आत्याकडे बघितलं. आत्या चष्मा पुसायला लागली.

"हे रिकामं ठेवता येतं?"

"येतं."

"मग राहू दे रिकामं," चिमणी म्हणाली आणि पुढे गेली.